फोर व्हीलचा दिवा पेटला म्हणून जुनी जिप्सी घेऊ नका

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या मुंबईकरांसाठी हा अनुभव मुद्दाम तपशिलाने लिहीत आहे, कारण मला ज्या रीतीने फसवले गेले ती शहरातल्या रस्त्यांवर गाडी कितीही फिरवून पाहिली तरी लक्षात येत नाही.

मारुतीने जिप्सी बनवणे थांबवल्यापासून सुस्थितीतील जुन्या जिप्सीला हौशी गिऱ्हाईक सहज मिळते. पूर्व उपनगरातील एका व्यापाऱ्याकडे मी पाहिलेल्या गाडीचे इंजिन आणि टायर उत्तम होते, चासी नंबर आरसीशी जुळत होता आणि पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणीही झालेली होती. फोर व्हील ड्राइव्हविषयी विचारताच त्याने लीव्हर टू-एचवरून (फक्त मागच्या चाकांना जोर) फोर-एचवर (चारही चाकांना जोर) ओढला, डॅशबोर्डवरचा दिवा पेटवून दाखवला आणि खाली वाकून पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवरच्या (मधल्या तुंब्यावरच्या), चाक अॅक्सलला जोडणाऱ्या चकत्या ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवल्या. तशीच थोडी चालवून पाहतो, असे मी म्हणताच तो म्हणाला, ‘‘साहेब, डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायची नसते, ट्रान्स्फर केसची वाट लागेल.’’

हे अगदी खरे आहे. ट्रान्स्फर केस म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलकडे पाठवणारी गिअरपेटी. जिप्सीत सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही अॅक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नसल्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना ताणत राहतात, आणि तो ताण मोकळा व्हायला चाकांना घसरायची जागा मिळत नाही. खोटे बोलण्याची त्याला गरजच पडली नाही. या खऱ्या नियमाच्या आडोशाने त्याने तपासणी टाळली.

पहिल्या पावसानंतर कर्जतजवळ भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या वाटेवर गाडी रुतली. दिवा पेटलेला, हब लॉक, लीव्हर फोर-एलमध्ये (चारही चाके, कमी वेग, जास्त जोर), आणि तरीही मागची चाके खड्डा खणत असताना पुढची जागची हलत नव्हती. शेवटी गावातल्या एका दादांनी ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली.

कुर्ल्याच्या मिस्त्रींनी हब उघडला तेव्हा चाकाला अॅक्सलशी जोडणारी आतली कडीच तिथे नव्हती. बाहेरची चकती नुसती फिरत होती. पुढच्या अॅक्सलच्या डिफरन्शियलमधले, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीतले, तेल काढल्यावर ट्रेमध्ये धातूचा चुरा आणि क्राउनच्या (तिथल्या मोठ्या दातेरी चक्राच्या) दाताचे दोन तुकडे पडले. असा क्राउन चाकांच्या भाराखाली फिरला असता तर आवाजाने बिंग फुटले असते, म्हणून दोन्ही कड्या काढून पुढचा अॅक्सल कायमचा निकामी करण्यात आला होता. दिव्याचा स्विच ट्रान्स्फर केसवर असतो. लीव्हर कुठे आहे एवढेच तो सांगतो, चाकापर्यंत जोर पोहोचतो की नाही हे त्याला कळत नाही.

हे तपासायला चिखल लागत नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढची दोन्ही चाके जॅकने उचलावीत व खाली भक्कम स्टँड द्यावेत. लीव्हर टू-एचमध्ये आणि दोन्ही हब लॉक ठेवून एकाने एक चाक घट्ट धरावे, दुसऱ्याने पुढचेच दुसऱ्या बाजूचे चाक हाताने फिरवावे आणि तिसऱ्याने बाजूने पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे ट्रान्स्फर केसपासून पुढच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याकडे पाहावे. चाक फिरते आणि शाफ्ट स्थिर राहतो, असे दिसले तर पुढचा अॅक्सल नावापुरताच आहे. धरायचे आणि फिरवायचे चाक बदलून हीच कृती पुन्हा करावी, कारण एकाच बाजूचा हब मेलेला असू शकतो. डिफरन्शियलचे तेलही थोडे काढून बोटांवर चोळून पाहावे. जॅक लावू द्यायला जो विक्रेता खळखळ करतो, त्याच्याकडून फुकटातही गाडी घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

व्यापाऱ्याने हात वर केले, कारण पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे छापलेले होते. म्हणून ‘फोर व्हील ड्राइव्ह चालू स्थितीत’ हे शब्द पावतीवर लिहूनच घ्यावेत. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र घेणे बंधनकारक आहे, तेही पाहायला मागावे. मी मिस्त्रींचा लेखी अहवाल, सुट्या भागांचे फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिथे मोबदला, म्हणजे आपण मोजलेली किंमत, 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. काढलेला क्राउन, पिनियन (क्राउनला फिरवणारे छोटे दातेरी चक्र) आणि दोन्ही हब मी तारीख लिहून पिशवीत बांधून ठेवले आहेत. दुरुस्तीनंतर जुने भाग भंगारात गेले तर दाखवायला हातात काहीच उरत नाही.