'लाइफटाइम' विंडोजचे १८० दिवस

फॉरमॅट मारून, दुकानदाराकडून 'लाइफटाइम' विंडोज टाकून आणलेला लॅपटॉप पाच-सहा महिने गुणी बाळासारखा चालतो. मग एके दिवशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरं उमटतात: 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'. दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं, "अपडेट बंद ठेवायला सांगितलं होतं ना?" आणि पुन्हा पैसे. बिल पहिल्या वेळी नव्हतं, दुसऱ्या वेळीही मिळत नाही.

हा सहा महिन्यांचा आकडा उगाच येत नाही. मायक्रोसॉफ्टची केएमएस ही सोय मोठ्या कार्यालयांसाठी आहे. किमान २५ संगणक असले की संस्था आपल्याच नेटवर्कवर एक सर्व्हर ठेवते आणि बाकीचे संगणक त्याच्याकडून अ‍ॅक्टिव्हेशन घेतात. त्याची मुदत १८० दिवस. दर ७ दिवसांनी संगणक ती वाढवून घ्यायला बघतो. त्यासाठी लागणाऱ्या सामायिक 'की' (लायसनचे कोड) मायक्रोसॉफ्टनेच उघडपणे प्रसिद्ध केल्या आहेत, कारण सर्व्हरशिवाय त्या निरुपयोगी. दुकानात 'ओरिजिनल की' म्हणून मिळते ती बरेचदा हीच. सर्व्हरचं सोंग अ‍ॅक्टिव्हेटर नावाचा प्रोग्रॅम आणतो. अँटिव्हायरसने तो उडवला, की शेवटच्या मुदतवाढीपासून १८० दिवस मोजायचे.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज घातलेला ब्रँडेड लॅपटॉप नवा घेतला असेल, तर त्याची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. हार्ड डिस्क बदलली तरी ती जात नाही. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की काम झालं, एक पैसा लागत नाही. घरगुती लॅपटॉपवर ही आवृत्ती सहसा 'होम' असते. दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर मात्र सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच 'प्रो'. होमची की प्रोला चालत नाही, म्हणून मग अ‍ॅक्टिव्हेटर. गळ्यातलं खरं मंगळसूत्र उतरवून बेन्टेक्सचं घालायचं, वर त्याचेच पैसे मोजायचे.

आपल्या मशीनवर काय आहे ते पाहायला दोन मिनिटं लागतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं, एक मोकळी जागा, तिरपी रेघ (/) आणि डी-एल-आय असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. वर्णनात 'ओईएम डीएम चॅनल' दिसलं तर की कारखान्यातली. 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' दिसलं आणि संगणक एखाद्या मोठ्या संस्थेचा नसेल, तर फसवणूक झालीच. 'व्हॉल्यूम एमएके' म्हणजे कुठल्यातरी संस्थेच्या कोट्यातली की सुटी करून विकलेली. ती ब्लॉक झाली की संपलं. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर टाकलं तर मुदतीची तारीखही दिसते.

पण 'कायमस्वरूपी अ‍ॅक्टिव्हेटेड' असं उत्तर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. फसवून कायमचं डिजिटल लायसन उठवणाऱ्या स्क्रिप्टही आहेत. त्यातल्या काहींचा सोर्स कोड खुला असतो आणि तेवढ्यावर विक्रेते 'ओपन सोर्स आहे, कायदेशीर आहे' असं ठोकून देतात. स्क्रिप्टचा कोड खुला असला म्हणून विंडोजचा परवाना मिळत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन ही फक्त तांत्रिक अवस्था. हक्काचा पुरावा म्हणजे खरेदीचं बिल.

ऑफिसच्या बाबतीत वेगळा डाव असतो. 'लाइफटाइम ३६५' म्हणून एक अनोळखी ईमेल आयडी आणि पासवर्ड दिला जातो. मायक्रोसॉफ्ट ३६५ हे वर्गणीवर चालतं, त्यात लाइफटाइम असा प्रकारच नाही. तो आयडी कुठल्यातरी संस्थेच्या खात्यातला असतो आणि त्याचा अ‍ॅडमिन विक्रेता किंवा तिसराच कोणी. तो हवं तेव्हा पासवर्ड बदलू शकतो, वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीत चढलेल्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. सीए किंवा वकिलाच्या कार्यालयात असं खातं म्हणजे पक्षकारांची कागदपत्रं परक्याच्या कपाटात.

अ‍ॅक्टिव्हेटर टाकताना डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस बंद करावा लागतो किंवा एखादा फोल्डर तपासणीतून वगळावा लागतो. ते दार नंतर उघडंच राहतं. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एक्सक्लुजन्स इथे जाऊन पाहा. तुम्ही न टाकलेला फोल्डर तिथे असेल तर समजून जा. केएमएसपिको या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारा मालवेअर पसरत असल्याचं डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालं होतं.

कायद्याची बाजू दुकानदार सांगत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. गुन्हा कंपनीच्या नावे असेल तर कलम ६९ प्रमाणे कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. इथे कळीचा शब्द 'जाणूनबुजून'. लायसनचा उल्लेख असलेलं जीएसटी बिल हाती असेल तर आपणही फसलो हे दाखवता येतं. 'सर्व्हिस चार्ज' एवढंच लिहिलेली चिठ्ठी असेल तर अवघड.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून '११ चं लायसन' विकणं हा नवा धंदा झाला आहे. अस्सल १० असलेल्या आणि पात्र मशीनवर ११ फुकट मिळतं. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या मशीनवर पळवाटेने बसवलेल्या ११ ला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मजुरी द्या, लायसनचे पैसे देऊ नका.

फसला असाल तर अ‍ॅक्टिव्हेटर काढून भागत नाही. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, प्रोग्रॅम नकोत. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा आणि इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) पुसा. फर्मवेअरमध्ये होमची की असेल तर सेटअप सहसा न विचारताच होम निवडतो. यूपीआयने पैसे दिल्याचा पुरावा आणि दुकानदाराशी झालेले मेसेज ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. खात्यातून पैसेच गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तेही लगेच.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर घ्यायचं तर ते त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच, शोधनिकालातल्या जाहिरातीवरून नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गिंप या फोटो-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरच्या नावाची गूगल जाहिरात लोकांना नकली साइटवर नेऊन व्हिडार हा माहितीचोर मालवेअर देत होती. आणि सोय-गैरसोय आधी बघा: मॅक्रोवर (फाइलीतल्याच छोट्या प्रोग्रॅमवर) चालणाऱ्या जीएसटीच्या एक्सेल फाइली लिबरऑफिसमध्ये अडतात, त्यांच्यासाठी एका मशीनवर बिलासह घेतलेलं ऑफिस ठेवावंच लागतं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फाइली तो फॉन्ट नसेल तर कुठेही भलभलती अक्षरं दाखवतात, तो दोष लिबरऑफिसचा नाही. अशा फाइलींची पीडीएफ फॉरमॅट मारायच्या आधीच, त्याच मशीनवर करून ठेवा.