नॉक्टुआ एनएफ-ए१२×२५ : हिवाळ्यापासून नवतप्यापर्यंत वापरल्यावर

हा पंखा कोणासाठी आहे ते आधीच सांगून टाकतो. गेम खेळताना तुमच्या कानांवर हेडफोन असतील किंवा खोलीत दिवसभर एसी घोंघावत असेल, तर संगणकाच्या पंख्यावर एवढे पैसे घालू नका. मी घरी ऑडिओबुकांचं वाचन रेकॉर्ड करतो. खोली एकच, मायक्रोफोन आणि कॅबिनेट एकाच टेबलाजवळ. त्यामुळे माझ्यासाठी पंख्याचा आवाज म्हणजे थेट कामातला खोळंबा.

माझ्याकडे नॉक्टुआचे पंखे दोन. एक सीपीयूच्या हीटसिंकवर (सीपीयूची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर), दुसरा कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागे. सीपीयू रायझन ५ ५६००, म्हणजे ६५ वॉटचा, फारसा तापट नाही. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने हा पंखा २०१८ मध्ये आणला. कंपनीचे आकडे असे : कमाल वेग २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), त्या वेगाला आवाज २२.६ डेसिबल, वॉरंटी ६ वर्षांची. २०२५ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, पण मी जाणूनबुजून पहिलीच घेतली. ज्या वेगाला मी तो चालवणार होतो, तिथे आणखी पैसे मोजण्यात मला काही अर्थ दिसला नाही.

खोक्यावरच्या डेसिबलवर पंखा निवडू नका. प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी असते, आणि तो आकडा पूर्ण वेगाचा असतो. पूर्ण वेगाने पंखा चालवणारा माणूस शांततेसाठी पैसे मोजत नाही. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचाही इथे उपयोग नाही. एवढे हळू आवाज फोनच्या माइकच्या स्वतःच्या खरखरीतच बुडून जातात. मी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गप्प बसून रिकामी खोली रेकॉर्ड करतो आणि तिची पातळी बघतो. एसीएक्ससारख्या ऑडिओबुक प्रकाशित करणाऱ्या ठिकाणी पुस्तक द्यायचं तर ही पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असावी लागते (आकडा जितका जास्त उणे, तितकी खोली शांत). माझ्या कामात तशी लेखी अट नसते, पण मी माप तेच धरतो.

जुन्या पंख्यांवर ही पातळी उणे ५४ होती. नवे पंखे मागवण्याआधी फक्त बायोसमधली (मदरबोर्डच्या सेटिंगमधली) फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा ते कोष्टक, बदलली, तर ती उणे ५८ वर आली. एक रुपया न घालता. याचं कारण साधं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट एकासारखे दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवलेले कधीही बरे.

बायोसमध्ये दोन गोष्टी जरूर बघा. चार पिनांचा पंखा असेल तर तो पीडब्ल्यूएमवर, म्हणजे व्होल्टेज न बदलता संकेताने वेग ठरवणाऱ्या सेटिंगवर, आहे ना? काही मदरबोर्डवर ते सेटिंग डीसीवर असतं, मग व्होल्टेज कमी करून वेग उतरवला जातो आणि पंखा खालच्या वेगाला अडखळतो. दुसरं म्हणजे वेग चढण्या-उतरण्यातला विलंब. रायझन साधं ब्राउझर उघडलं तरी क्षणभर दहा-बारा अंशांनी उसळतो आणि पंखा लगेच त्याच्यामागे धावतो. एकसारखा आवाज कान विसरतो; चढ-उतार विसरत नाही. मी हा विलंब जास्तीत जास्त ठेवला आहे, आणि ६० अंशांपर्यंत कर्व्ह सपाट.

मग नवा पंखा घेतलाच कशाला? कारण जुन्या पंख्याचा वेग आणखी उतरवला की हवेचा आवाज जायचा आणि मागे बेअरिंगची टिकटिक उरायची. शिवाय एक घुमणारा सूर. पात्यांची संख्या गुणिले सेकंदाला होणारे फेरे, एवढ्या कंपनसंख्येला पंखा गुणगुणतो. नऊ पाती, ९०० आरपीएम, म्हणजे १३५ हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर नेमका याच भागात असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरने पंखा काढायला गेलं की आवाजाचा भरदारपणाही त्याच्याबरोबर जातो आणि वाचणारा डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

नॉक्टुआलाही पाती नऊच आहेत, सूर त्याचाही आहे. पण ६५० आरपीएमला तो इतका क्षीण होतो की खोलीच्या आवाजात वेगळा दिसत नाही. बेअरिंगचा आवाज मात्र मला माइक पंख्याला टेकवूनही सापडला नाही. पातळी आली उणे ६३. मी पैसे मोजले ते या शेवटच्या पाच डेसिबलचे आणि स्वच्छ आवाजाचे.

बांधणीबद्दल थोडं. पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात फक्त अर्धा मिलिमीटर फट आहे. साधं प्लॅस्टिक उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने वर्षानुवर्षांत किंचित लांबतं, मग एवढी कमी फट ठेवली तर पातं घासेल. म्हणून पाती स्टेरॉक्स नावाच्या लिक्विड क्रिस्टल पॉलिमरची केली आहेत. फट कमी असल्याने हवा टोकावरून मागे फिरत नाही. पुढे डस्ट फिल्टर आणि मागे हीटसिंकच्या दाट पट्ट्या असताना याचा फरक कळतो.

खोक्यात वेग कमी करणारा अडॅप्टर, वाय केबल, एक्स्टेन्शन, स्क्रू आणि रबरी खुंट्या येतात. खुंट्यांमुळे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. माझ्या जुन्या कॅबिनेटच्या जाड पत्र्यातून त्या ओढताना बोटं लाल झाली, पण पुढच्या पंख्याला त्याच लावा. अडॅप्टर मी वापरला नाही. बायोस तेच काम करतं.

आता उन्हाळा. नागपूरकरांना सांगायला नको, मे महिन्यात डेझर्ट कूलर सुरू झाला की त्याच्यापुढे संगणकाच्या पंख्याची मिजास ती काय! मी पहाटे कूलर बंद करून रेकॉर्डिंग करतो, तेवढ्या वेळापुरतीच ही शांतता. तापमानाचं म्हणाल तर हिवाळ्यात खोली २३ अंश असताना व्हिडिओ रेंडर करताना सीपीयू ६५ वर होता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी खोली ३६, सीपीयू ७८. म्हणजे फरक तोच, ४२ अंशांचा. कोणताही पंखा खोलीच्या हवेपेक्षा सीपीयू थंड करू शकत नाही, हे लक्षात असू द्या. या सीपीयूची मर्यादा ९० आहे, त्यामुळे मला चिंता नव्हती. पण १०५ वॉटचा सीपीयू आणि आपला मे महिना असेल तर पंख्यापेक्षा हीटसिंक मोठा घ्या.

कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर हवेने धूळ पात्यांवर चिकटून बसते आणि ती नुसत्या फुंकरीने निघत नाही. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा नेमून दिलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरून बेअरिंगची वाट लागते.

खटकणाऱ्या गोष्टी? किंमत ही पहिली. साध्या पंख्यांच्या कितीतरी पट. फक्त हवा हवी असेल तर आर्क्टिकचा १८०० आरपीएमचा पी१२ खूप स्वस्तात येतो आणि हीटसिंकवरही चांगलं काम करतो. रंग दुसरी : तपकिरी आणि फिकट पिवळसर. काचेचं कॅबिनेट असेल तर क्रोमॅक्स मालिकेतला काळा बघा. माझं कॅबिनेट बंद पत्र्याचं, मला काय त्याचं!

आणि एक परिणाम, ज्याचा खर्च कोणी आधी सांगत नाही. पंखे गप्प झाल्यावर जुन्या हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू यायला लागली. ती काढून एसएसडी लावावी लागली. आता राहिला एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) पंखा. तो रेकॉर्डिंगच्या वेळी जवळजवळ थांबलेलाच असतो, म्हणून त्याला हात लावलेला नाही. मागच्या बाजूचा जुना पंखाही तसाच आहे, ५०० आरपीएमवर. तो माइकपासून सर्वांत लांब आणि भिंतीकडे तोंड करून आहे. तो काढून टाकला तरी पातळी उणे ६३ च राहते, तेव्हा तिथे तिसरा नॉक्टुआ लावणार नाही.