बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल – मावशीच्या 25 शेकांचा अनुभव

मावशीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा जो तो एकच सांगायचा, मुंबईला टाटाला न्या. टाटाबद्दल वादच नाही, पण शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज घ्यायचा असतो, 25 शेक म्हणजे 5 आठवडे झाले, तेवढे दिवस दोन माणसं मुंबईत राहणार कुठं, खाणार काय आणि इकडं म्हशीची धार कोण काढणार? म्हणून बार्शी. परंड्याहून सकाळची एसटी, प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचा, दुपारी मावशी घरी येऊन भाकरी थापायला बसायची, नको म्हटलं तरी.

पोटावर पेनाने खुणा करतात, त्या पुसायच्या नसतात, त्यामुळं आंघोळ म्हणजे मोठं काम होऊन बसलं. आणि शेकाआधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. हे पाणी तिथं पोचल्यावरच प्या, पहिल्या दिवशी मावशी घरूनच तांब्याभर पिऊन निघाली, एसटीत काय हाल झाले विचारू नका.

खरा ताप झाला तो आधीच्या, शहरातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलचा. बायप्सी तिथं केलेली, रिपोर्ट दिला पण ब्लॉक आणि स्लाइड द्यायला चार हेलपाटे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षा लहान, आणि स्लाइड म्हणजे त्याचाच पातळ काप लावलेली काच, पण दुसरीकडं तपासायला हेच लागतं. रिपोर्टसोबतच मागून घ्या.

आता एक गोष्ट जी आमच्याच लोकांना माहीत नाही. 1999 पासून आपल्या जिल्ह्यात, तेव्हाचा उस्मानाबाद, 52 गावगटांतल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर ह्याच हॉस्पिटलने टाटासोबत मोठा अभ्यास केला. एचपीव्ही टेस्ट म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो तो शोधायची टेस्ट; ती एकदाच केलेल्या गटात ह्या कॅन्सरचे मृत्यू टेस्ट न केलेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे झाले, 2009 ला निकाल छापून आला आणि आज जगभर हीच टेस्ट आधी करा म्हणतात. मावशीला विचारलं तर म्हणते, "आल्या होत्या की बाया बोलवायला, मी खुरपायला गेल्ते."

हॉस्पिटलला माझ्याकडून 5 स्टार. रेशन कार्ड, आधार ओरिजिनल न्या, झेरॉक्स चार-पाच जास्तीच्या काढून ठेवा. मावशीचा शेवटचा शेक झाला त्या दिवशी येताना भगवंताचं दर्शन घेतलं, आणि आता सूनबाईची टेस्ट करून घ्या म्हणून तीच मागं लागलीय.