घरातला बारका पतंग: धान्यातला की कपड्यांची कसर?

कामगंध सापळा (मादीच्या वासाने नराला ओढणारा) घेण्याआधी एवढा निर्णय व्हायलाच हवा. धान्यातल्या पतंगासाठीच्या (प्लोडिया इंटरपंक्टेला) सापळ्याकडे कसर (टिनिओला बिसेलिएला) फिरकत नाही, आणि कसरीच्या सापळ्याकडे तो पतंग.

पतंग चिमटीत धरू नका. पंखांवरचे खवले झडले की मुख्य खूणच जाते. पेला उपडा घालून खालून कागद सरकवा, दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि दहापट भिंगाखाली बघा.

धान्यातला पतंग मिटलेल्या पंखांनिशी 8 ते 10 मिमी भरतो. त्याचे पुढचे पंख दुरंगी असतात: बुडाचा तिसरा हिस्सा फिकट राखाडी-पिवळसर, उरलेला तांबूस. कसर 6 ते 8 मिमीची, सोनेरी झाक असलेली, पंखांवर एकही ठिपका नाही. पुसटसे गडद ठिपके दिसले तर ती कोषवाली कसर (टिनिया पेलिओनेला). तिची अळी लोकरीच्या तंतूंची नळी अंगाभोवती वागवत चालते.

फसगत होते ती म्हाताऱ्या पतंगांत. रंग झडलेला धान्यातला पतंग थेट कसरीसारखा दिसतो. अशा वेळी डोकं बघा. कसरीच्या डोक्यावर तांबूस केसांचा विस्कटलेला झुबका असतो. धान्यातल्या पतंगाच्या तोंडापुढे चोचीसारखे स्पर्शक पुढे आलेले असतात. वाळल्या गवताच्या रंगाचा, पण मागच्या पंखाचं टोक बोटासारखं निमुळतं झालेला पतंग दोन्हींपैकी नाही. तो सिटोट्रोगा, धान्यावरचाच वेगळा पतंग. त्याची अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून जाळी दिसत नाही, दाण्याला गोल भोक दिसतं.

दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग बहुधा कसर नसतो. ती उजेड टाळते आणि उडण्यापेक्षा कपड्यांच्या घडीत पळते.

सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे तो खूण सांगतो, उपाय करत नाही. पिठात रेशमी जाळी दिसली तर ते पीठ टाका, बाकीचं धान्य-पीठ उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवा. डबे घासून थांबू नका: या अळ्या कोष करायला भिंत चढून छताच्या कोपऱ्यात जातात, आणि साफसफाईनंतर महिन्याने पतंग दिसतात ते तिथूनच. लोकर, रेशीम, पिसं मात्र पिशवीत घट्ट बांधून त्याच थंडीत दोन आठवडे ठेवा. स्वच्छ सुती कपड्यांची काळजी नको. घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेले आधी धुवा.