दापोली की आंबोली?

आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे मिटून दापोली सांगेन. गाव डोंगरमाथ्यावर, समुद्र अगदी जवळ. खेड स्टेशनला उतरलात की घाट चढून तासाभरात पोहोचता. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव एकदा तरी बघाच. ओल्या वाळूवर पाट्या उतरतात, सुरमई अजून चकाकत असते आणि कोळणी भाव पुकारतात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मुक्काम मात्र घरगुती ठिकाणी करा, सोलकढी तिथलीच खरी.

आंबोलीचं तसं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ६९० मीटर उंचीवर. समुद्रासाठी सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्यापर्यंत उतरावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो. पण पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन जाणकार माणसाबरोबर फिरा. डबक्यावर झुकलेल्या फांदीला बेडकाचं फेसाळ घरटं लटकलेलं दिसतं. हिरण्यकेशीच्या उगमाशी मासे पकडू नका, तिथल्या दुर्मीळ माशामुळे २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, म्हणून आंबोलीला मंगळवार-बुधवार गाठा. मी जुलैत तिथेच जाणार, दापोली डिसेंबरसाठी राखून ठेवलीय.