हाउसहोल्डर अपील: फुकट आहे, पण पहिला मार्ग नव्हे

इंग्लंडमध्ये काउन्सिलने घराच्या एक्स्टेन्शनला नकार दिला की प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं निकाली काढणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करता येतं. फी नाही, फॉर्म ऑनलाइन, वकिलाची गरज नाही. तरीही बहुतेक घरमालकांनी आधी बाकीचे मार्ग तपासावेत, असं आमचं मत.

अपिलाची मुदत 12 आठवडे, तीही निर्णयपत्रावरच्या तारखेपासून. तुम्ही ईमेल कधी उघडला याला अर्थ नाही. निकालाला महिने लागतात. खरी गोम मात्र पुढे आहे. काउन्सिलने जे नकाशे पाहिले त्यांवरच इन्स्पेक्टर निर्णय देतो. वरचा मजला अर्धा मीटर मागे घेतलेला सुधारित नकाशा जोडलात तर तो बहुधा बाजूलाच पडतो. निवेदनही एकदाच, फॉर्मसोबत द्यायचं. त्यात "भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला येतात" असं लिहिणारे पुष्कळ. अशा कारणाला सहसा फारसं वजन मिळत नाही. त्यापेक्षा नकाराचं एकेक कारण घ्या आणि मापाने उत्तर द्या. शेजाऱ्याचा उजेड अडतो म्हणतात? त्याच्या खिडकीच्या मध्यापासून 45 अंशांची रेघ नकाशावर आखा आणि ती तुमच्या भिंतीला छेदत नाही हे दाखवा. (छेदत असेल तर अपिलाचा नाद सोडा.)

"रस्त्याच्या रूपाला शोभत नाही" एवढंच कारण असेल आणि त्याच रस्त्यावर तशीच मंजूर एक्स्टेन्शन्स असतील, तर अपील कामाचं. इन्स्पेक्टर साधारणपणे जागा पाहायला येतो. तिथे युक्तिवाद ऐकून घेत नाही, पण डोळ्यांना दिसतं ते दिसतंच. हरलात तर तो निर्णय सार्वजनिक राहतो आणि पुढच्या अर्जात काउन्सिल तोच पुढे करते.

म्हणून आधी काउन्सिलच्या साइटवरून तुमचा अर्ज तपासणाऱ्या ऑफिसरचा अहवाल उतरवून घ्या. निर्णयपत्रात दोन ओळी असतात. नक्की काय खटकलं ते अहवालात कळतं. सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेल्या) घराच्या दुमजली साइड एक्स्टेन्शनला हरकत बहुधा एकच: दोन घरांमधली फट बुजते. हद्दीपासून 1 मीटर सोडा, वरचा मजला पुढच्या भिंतीपासून मागे घ्या, छप्पर मूळ घरापेक्षा खाली ठेवा आणि नवा अर्ज करा. त्यावर काउन्सिलने निर्णय द्यायची ठरलेली मुदत 8 आठवडे, आणि तो अर्ज अपिलासोबतही चालू ठेवता येतो. पूर्वी दुसरा अर्ज फुकट असे. ती सवलत डिसेंबर 2023 मध्ये गेली, आणि एप्रिल 2025 मध्ये फी 258 वरून 528 पौंडांवर गेली.

मागे एकमजली खोली हवी असेल तर परवानगीशिवायही जमतं. जोडघराला मागे 3 मीटर, सुट्या घराला 4. शेजाऱ्यांना नोटीस जाणाऱ्या 42 दिवसांच्या प्रायर अप्रूव्हलने (पूर्ण अर्जाऐवजी काउन्सिलची आधी घ्यायची छोटी मान्यता) हेच 6 आणि 8 मीटर होतं. म्हणजे नाकारलेली 5 मीटरची खोली या वाटेने, कोणी शेजारी हरकत घेतली नाही तर, मंजूर होऊ शकते. उंची 4 मीटरच्या आत. हद्दीपासून 2 मीटरच्या आत असाल तर छपराची कड 3 मीटरपर्यंतच.

माणसं फसतात ती "मूळ घरा"च्या मोजमापात. मूळ म्हणजे 1 जुलै 1948 रोजी होतं तसं, किंवा नंतरचं असेल तर बांधलं तेव्हाचं. आधीच्या मालकाने मागे काढलेले 2 मीटर तुमच्या खात्यात धरले जातात. बाजू आणि मागचा भाग जोडून एल आकार केलात तर एकूण रुंदी घराच्या निम्म्याहून जास्त भरते आणि सवलत जाते. परवानगीशिवाय बांधण्याचे हे हक्क फ्लॅटला नाहीत. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात) 6-8 मीटरची सोय नाही. नव्या वसाहतींत बरेचदा मूळ परवानगीच्या अटींतच हक्क काढून घेतलेले असतात, त्या अटी वाचा.

बांधण्याआधी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे या बांधकामाला परवानगी लागत नाही असा काउन्सिलचा दाखला. फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी. घर विकताना ते उपयोगी पडतं. शिवाय "परवानगी न घेता मी एवढं बांधूच शकतो, मग माझा आराखडा त्याहून वाईट कसा?" हा अपिलातला सगळ्यात भक्कम मुद्दा याच कागदावर उभा राहतो.