प्लॅस्टिक खाणाऱ्या जिवाणूंची बाटली : पऱ्हाटीला चालेल, मल्चिंग पेपरला नाही

एक लिटरची बाटली. लेबलवर बॅसिलस आणि स्यूडोमोनास, एका मिलीत १० कोटी जिवाणू. दावा असा की एकरी एक बाटली सोडा, शेतात उरलेला मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाच्या बेडवर अंथरायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म, सहा महिन्यांत मातीत जिरेल. रावेर-चोपड्याकडे कलिंगड, मिरची निघाल्यावर रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळलेला पेपर ज्याने कापून काढलाय, तो ही बाटली उचलणारच.

विक्रेते दाखला देतात तो इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू खरा आहे. जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या रिसायकलिंग कारखान्याच्या परिसरात सापडला. संशोधन २०१६ साली छापून आलं. पण तो खातो पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. तेही पातळ फिल्म, ३० अंश तापमानाला, सुमारे सहा आठवड्यांत. पीईटीच्या साखळीत एस्टरचे सांधे असतात, जिवाणूचं विकर (एन्झाइम) तिथे कापतं. मल्चिंग पेपर पॉलिथिलीनचा. त्यात कार्बनला कार्बन जोडलेला, कापायला तसा सांधाच नाही. केळीच्या घडाची स्कर्टिंग बॅग पॉलिप्रॉपिलीनची, तिचीही तीच गत. शिवाय हा जिवाणू या बाटलीच्या लेबलवर नाहीच.

आता हिशेब. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे जवळपास ८०० टन. बाटलीतले सगळे जिवाणू तिच्यात मिसळले तर ग्रॅमला सव्वाशे येतात. गुळाच्या पाण्यात २०० पट वाढवले तरी पंचवीस हजार. चांगल्या काळ्या मातीच्या एका ग्रॅममध्ये आधीच दहा कोटींच्या घरात जिवाणू नांदत असतात! आणि पेपर किती? २५ मायक्रॉन, १.२ मीटर रुंद, ४०० मीटरचा रोल ११ किलोचा. पाच फुटी बेडला एकरी साडेसहा रोल, म्हणजे सत्तर किलोच्या वर.

मग "पेपर गायब झाला" असं लोक सांगतात ते? उन्हाने पेपर ठिसूळ होतो, रोटाव्हेटर त्याचे नखाएवढे तुकडे करतो, वखराने ते खाली जातात. दिसत नाही, पण असतो तिथेच.

खात्री करायची तर जळगावात सराफाचा काटा कुठेही मिळेल. वापरलेल्या पेपरचे १० बाय १० सेंटिमीटरचे दहा तुकडे धुऊन, सावलीत वाळवून मोजा. २५ मायक्रॉनचे दहा मिळून २.३ ग्रॅमच्या आसपास भरतात. नायलॉनच्या जाळीत घालून १० सेंटिमीटर खोल पुरा, शेजारी सुती कापडाची पट्टी. अशीच दुसरी जोडी बाटली न सोडलेल्या वाफ्यात. ओल टिकवून दोन महिन्यांनी काढा. कापड कुजलं असेल तर माती जिवंत आहे. पेपरचं वजन तेवढंच असेल तर निकाल लागला. धुताना घाई नको, चिकटलेल्या चिखलाने वजन उलट वाढतं.

बाटली अगदीच वाया नाही. २०० लिटर पाणी, २ किलो गूळ, सावलीत सहा-सात दिवस, रोज दोनदा ढवळून केलेलं द्रावण केळीचे खांब आणि पऱ्हाटी (कपाशीच्या उरलेल्या काड्या) कुजवायला बरं पडतं. वस्त्रगाळ न करता ठिबकमधून सोडलं की ड्रिपर चोंदतात, आणि त्याच आठवड्यात कॉपरच्या बुरशीनाशकाची आळवणी केली तर जिवाणू मेलेच समजा.

पेपरसाठी उपाय हाताचाच. वेल काढल्यावर, रोटाव्हेटर घालायच्या आधी, वाफशावर गुंडाळा. ओल जास्त असली तर काळी माती पेपरला लिंपते, कोरडी असली तर पेपर फाटून निम्मा आतच राहतो. पुढच्या वेळी २५ मायक्रॉनपेक्षा पातळ घेऊ नका, तो अखंड निघत नाही. कुजणारा पेपर घ्यायचा असेल तर नुसतं "कंपोस्टेबल" वाचून घेऊ नका. ती चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टच्या ढिगातली असते. शेतातल्या मातीसाठी ईएन १७०३३ हे युरोपीय मानक विचारा : २५ अंशांच्या आसपास, दोन वर्षांत ९० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर. महाग पडतो, पण निदान त्याच्या साखळीत कापायला सांधे असतात.

गुण : पऱ्हाटीसाठी पाचपैकी तीन, प्लॅस्टिकसाठी शून्य.